हिंदू मील, जैन मील आणि आत्या

विमानात शाकाहारी माणसाला आधी वाढतात. पहिल्यांदा हा मान वाटतो. जेवणाच्या गाड्या अजून गॅलीतून बाहेर पडलेल्या नसतात आणि एक मुलगी हातात एकच ट्रे घेऊन, रांगांचे आकडे वाचत वाचत आपल्यापाशी येऊन थांबते. "३४ के? एशियन व्हेजिटेरियन?" आपण हळूच हात वर करतो. पलीकडचे दोघं मान वळवून ट्रेकडे बघतात, कारण विमान सुटून दीड तास झालेला असतो आणि भूक त्यांनाही लागलेली असते. आपण फॉइल उचकटतो. जिऱ्याच्या फोडणीचा वास मागच्या-पुढच्या तीन रांगांत पसरतो.

मग हळूहळू लक्षात येतं की हा मान वगैरे काही नाही, ही त्यांची सोय आहे. वेगळे ट्रे आधी वाटून टाकले की गाडी ढकलत जाताना 'चिकन की पास्ता' एवढंच विचारायचं उरतं. पाणी आणि ज्यूस त्या गाडीबरोबर येतात, त्यामुळे आपण कोरडा भात तसाच घशाखाली ढकलत बसतो. शेजाऱ्यांचं जेवण येतं तेव्हा आपलं आटोपलेलं असतं, आणि त्यांचं होऊन ट्रे गोळा करायला कुणी येईपर्यंत आपल्याला हलता येत नाही. खिडकीची जागा असेल तर बाथरूमचं नावच काढू नये. पंगतीत सगळी पानं वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही, त्यामागे शिष्टाचारापेक्षा व्यवहार जास्त असावा असं मला अशा वेळी वाटतं.

कामानिमित्त माझं जर्मनीला जाणं-येणं असतं, आणि घरातल्या थोरामोठ्यांची तिकिटं काढायचं खातंही माझ्याकडेच आहे. त्यामुळे विमान कंपन्यांच्या वेबसाइटवरची 'स्पेशल मील'ची यादी मला तोंडपाठ झाली आहे. प्रत्येक जेवणाला चार इंग्रजी अक्षरांची खूण. टेलिप्रिंटरवरून निरोप जायचे त्या काळातली ही पद्धत, निरोप जितका आखूड तितका बरा. एव्हीएमएल म्हणजे एशियन व्हेजिटेरियन: मसाल्याचं, दूधदुभतं चालणारं, अंडं नसलेलं. व्हीजीएमएल म्हणजे वेगन: दूध, तूप, मध काहीच नाही, आणि बहुधा पाश्चात्त्य धाटणीचं. व्हीएलएमएलमध्ये अंडं आणि चीज चालतं. व्हीजेएमएल जैनांचं. आरव्हीएमएल म्हणजे सगळं कच्चं, एफपीएमएल म्हणजे नुसती फळं. आणि एचएनएमएल म्हणजे हिंदू मील.

या शेवटच्यापाशी जरा थांबायला हवं. 'हिंदू मील' हे शब्द दिसले की आपली ज्येष्ठ मंडळी डोळे झाकून त्यावर टिचकी मारतात, आणि विमानात समोर येतं मटण. कारण ते मांसाहारी जेवण आहे. गोमांस आणि डुकराचं मांस नको, बाकी सगळं चालतं, अशा प्रवाशासाठी केलेलं. जुलै २०१८ मध्ये एमिरेट्सने हे हिंदू मील बंद करत असल्याचं सांगितलं, तेव्हा इतका गदारोळ उठला की निर्णय लगेच मागे घ्यावा लागला. त्या गदारोळात सामील झालेल्यांपैकी किती जणांना आपण मटणासाठी भांडतोय हे ठाऊक होतं, कोण जाणे.

माझी आत्या सांगलीची. लेक न्यू जर्सीला. अमेरिकेतल्या लेकी-सुना आईवडिलांना थंडी ओसरली की बोलावतात आणि पुन्हा थंडी पडायच्या आत परत पाठवतात, तशी आत्याही चैत्रात जाते आणि भाद्रपद-अश्विनात परतते. तिचं तिकीट काढताना फोनवर दर वेळी एकच संवाद होतो.

"आत्या, जेवण काय सांगू?"

"काही नको गं वेगळं. साधं, नेहमीचं सांग."

आता या नेहमीच्यात काय काय येतं ते ऐका. मांस-मच्छी-अंडं कधीच नाही. केक मात्र चालतो, कारण तो बेकरीतून येतो. कांदा-लसूण एरवी चालतो, चातुर्मासात नाही. वांगं आषाढीला सोडायचं ते चंपाषष्ठीला धरायचं. सोमवारी एक वेळ. एकादशीला साबुदाणा, रताळं, भगर, दाणे चालतील, तांदूळ आणि गहू नाही. संकष्टीला चंद्र उगवल्यावर सगळंच चालतं, पण चंद्र उगवायला हवा. सांगलीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेजारची सून नवी असली तरी तिला माहीत असतं की आज काकूंकडे थालीपीठ पाठवायचं नाही. यादीत मात्र 'नेहमीचं' नावाचा कोड नाही.

मग मी वाट काढते. जाताना एव्हीएमएल, येताना चातुर्मास म्हणून जैन. कांदा-लसूण नसलेलं दुसरं काही त्या यादीत सापडत नाही. पण जैनांचा नेम वेगळ्या कारणाचा, तिथे जमिनीखाली उगवणारं सगळंच वर्ज्य. बटाटा नाही, गाजर नाही. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा आत्या चकित झाली. "बटाट्याने काय घोडं मारलंय?" एकादशीला ज्या बटाट्याच्या भरवशावर अख्खा महाराष्ट्र तग धरतो तोच कुणाला चालत नाही, हे तिच्या पचनी पडेना. मुंबईला उतरल्यावर गाडीत बसता बसता तिने निकाल दिला, "सात्त्विक होतं. पण कच्ची केळी फार." जैन स्वयंपाकात बटाट्याची जागा बहुतेक वेळा कच्ची केळी घेतात, ते तिने बरोबर ओळखलं होतं.

एका खेपेला परतीचा प्रवास नेमका एकादशीला आला. तारीख बदलली तर तिकीट महाग, न बदलली तर उपास. मी फळांचा ट्रे सांगितला. कलिंगड, खरबूज, अननस, चार द्राक्षं. रात्रीच्या जेवणाला तेच, सकाळच्या नाश्त्यालाही तेच, फक्त अननसाच्या जागी किवी. आत्याची तक्रार नव्हती. तिचा प्रश्न वेगळाच होता: एकादशी सोडायची केव्हा? द्वादशी न्यू जर्सीची धरायची की सांगलीची? तिथी एकाच क्षणी बदलते, पण सूर्योदय गावोगाव निराळा, म्हणून तिथल्या देवळाचं पंचांग वेगळं आणि आपलं भिंतीवरचं वेगळं. विमान तर दोन्हीच्या मधे. माझा एक जैन सहकारी सूर्यास्तानंतर जेवत नाही. दुपारी मुंबईहून पश्चिमेकडे निघालं की सूर्य बराच वेळ सोबत राहतो, त्यामुळे त्याला संध्याकाळचं जेवणही उजेडी मिळतं. परत येताना उलट: इकडे सीटबेल्ट सोडायला सांगतात आणि तिकडे सूर्य मावळतो. त्याने म्हणे यावर महाराजांना विचारलं होतं. काय उत्तर मिळालं ते तो सांगत नाही.

माझी भाची सई वेगन आहे. बंगळुरूला असते, ओटचं दूध पिते, आणि घरात तिच्या नेमाचा पार बोऱ्या वाजलेला असतो. गणपतीत मोदक वाढताना आई हमखास विचारते, "तूप पण नाही? घरचं लोणकढं आहे." तूप प्राण्यापासून येतं हे आईला पटतं, पण घरच्या तुपाला तो नियम कसा लागू होतो हे पटत नाही. सईच्या पानात सगळ्यांची नजर चुकवून कुणीतरी तुपाची धार सोडलेलीच असते. वरणात हिंग-जिऱ्याची फोडणी तुपाची, पुरणपोळीवर तूप, भातावर तूप, आणि हे सगळं बाजूला केलं की उरलेल्यावर दही.

तीच सई विमानात बसली की तिला एका शब्दानेही काही समजावावं लागत नाही. चार अक्षरं टाकली, काम झालं. लोणी नाही, दही नाही, चहाबरोबर दुधाची डबीसुद्धा नाही. आषाढात जे, तेच अश्विनात. सोमवारी जे, तेच शनिवारी. यादीला असाच नेम कळतो, बाराही महिने एकसारखा, कारण लिहून सांगितलेला. वार, तिथी, महिना, कुणाच्या हातचं, घरचं की बाहेरचं, या आपल्याकडच्या अटी त्या चार अक्षरांत मावत नाहीत. म्हणजे घरात सगळ्यांना बिनबोभाट समजणारी आत्या आकाशात कुणाला कळत नाही, आणि घरात कुणाला न समजलेली सई तिथे पूर्ण समजते.

समजते, पण जेवायला मिळतं म्हणाल तर नाही. व्हीजीएमएल हे माझ्या मते त्या यादीतलं सर्वांत निरुत्साही जेवण. सईबरोबर प्रवास करताना तिचा ट्रे मी जवळून पाहिला आहे. वाफवलेला झुकिनी, वाफवलेली ढोबळी मिरची, त्यावर पातळ टोमॅटोचं काहीतरी. बाजूला भाताचा मुटका. ब्रेड, आणि लोण्याच्या ऐवजी मार्गारिनची सोनेरी पुडी. कुरमुऱ्यांची एक गोल, थर्मोकोलसारखी चकती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. गोड म्हणून फळं. पलीकडे माझ्या एव्हीएमएलच्या ट्रेमध्ये गाजराचा हलवा होता, तो तिला चालत नाही. तिने निमूटपणे द्राक्षं खाल्ली. काही वर्षांपूर्वी जकार्ताहून टोकियोला निघालेल्या बिझनेस क्लासच्या एका प्रवाशाला वेगन नाश्ता म्हणून अख्खं एक केळं दिल्याची बातमी जगभर फिरली होती. सोबत चॉपस्टिक्स होत्या. सईला त्या बातमीचं हसू आलं नाही.

गंमत अशी की आपल्या कोणत्याही गावच्या साध्या जेवणात वेगन पदार्थांची वाण नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, मटकीची उसळ, आमटी-भात, कारळ्याची चटणी, थालीपीठ. यात दूध-तूप वरून येतं, मुळात नसतं. पण ज्या स्वयंपाकघरात व्हीजीएमएल शिजतं तिथे शाकाहार म्हणजे ताटातून काय काय काढायचं याचा हिशेब असतो. मांस काढलं, चीज काढलं, लोणी काढलं, मग जे उरलं त्याला वेगन म्हणायचं. अलीकडे काही कंपन्या तर एकाच पदार्थात वेगन, ग्लूटेन नको, मीठ कमी, सगळ्यांची सोय लावतात. सगळ्यांना चालावं म्हणून सगळ्यांचं सगळं वगळलेलं ते अन्न कुणालाच आवडत नाही, पण नियमात बसतं.

शाळेतला एक मित्र बरीच वर्षं मुंबईत विमानतळाजवळच्या एका फ्लाइट किचनमध्ये होता. त्याला मी एकदा सरळच विचारलं, "चोवीस तास आधी सांगायची काय गरज? दहा ट्रे जास्तीचे ठेवायला काय होतं?"

"आकाशात कढई नसते," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. विमानात काहीच शिजत नाही, नुसतं तापतं. अन्न सुटण्याच्या कितीतरी तास आधी जमिनीवर शिजवतात आणि शिजल्या शिजल्या ब्लास्ट चिलरमध्ये घालून झटपट पाच अंशांखाली आणतात, कारण कोमट अवस्थेत अन्न जितका वेळ राहील तितकं जंतूंचं फावतं. मग थंडगार खोलीत 'डिश-आउट' चालतं. स्वेटर घातलेल्या बायका ओळीने उभ्या, समोर वजनकाटा, प्रत्येक फॉइलमध्ये भात इतके ग्रॅम, भाजी इतके ग्रॅम. भाजी चिरायचा पाट हिरवा, कच्च्या मटणाचा लाल, मासळीचा निळा. जैन जेवणाचं टेबल वेगळं, तिथे कांदा फिरकतही नाही. चिकन आणि पास्ता शेकड्यांनी निघतात. स्पेशल मील मात्र मोजून. एका विमानात अकरा, दुसऱ्यात तीन. प्रत्येकावर नाव, आसन आणि कोडची चिकटपट्टी. विमान सुटायच्या काही तास आधी शेवटचा आकडा येतो, ट्रे गाड्यांत भरतात, गाड्यांना सील लागतं आणि हाय-लिफ्टचा ट्रक त्या विमानाच्या दारापर्यंत उचलून धरतो. त्यानंतर कुणाला आपण शाकाहारी असल्याची आठवण झाली तर त्याने ब्रेड खावा.

"आणि लोकांना जागा बदलायची हौस फार," हे त्याने दुःखाने सांगितलं. चिकटपट्टीवर आसन असतं, माणसाचा चेहरा नसतो. एकदा एका लेकुरवाळ्या बाईसाठी मी माझी जागा सोडली, तिथून जागांची अशी साखळी बदलत गेली की माझा ट्रे शेवटी एका बंगाली गृहस्थांपुढे गेला. त्यांनी फॉइल उघडून आतल्या पालकाकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. दुसरी खोच जोडविमानाची. तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं असलं की जेवणाची सूचना अनेकदा पहिल्याच विमानापर्यंत पोचते. पहिलं विमान चुकलं आणि तुम्हाला दुसऱ्यात बसवलं तर सामान येईल, जेवण येईलच असं नाही. म्हणून मी दोन्ही कंपन्यांना स्वतंत्र फोन करते. लोक मला चिकट म्हणतात.

चवीचं म्हणाल तर तिथे शाकाहारी माणसाचं पारडं जड आहे, आणि हे मी अभिमानाने नव्हे, कारणासकट सांगते. केबिनमधली हवा साधारण ६,००० ते ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्याच्याही वर बसून आपण जेवतो, तेही अशा कोरड्या हवेत की नाक सुकून जातं, आणि वास कळला नाही की निम्मी चव गेली. म्युनिकजवळ फ्राउनहोफर या संशोधन संस्थेने लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीसाठी विमानाचा सांगाडा कमी दाबाच्या दालनात ठेवून लोकांना जेवू घातलं होतं. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष आले: मिठाची चव सुमारे २० ते ३० टक्के कमी जाणवते, साखरेची १५ ते २० टक्के. आंबट आणि कडू चवीवर, मसाल्यांवर फारसा परिणाम नाही. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं की विमानाइतक्या गोंगाटात गोड चव मंदावते आणि टोमॅटो, मशरूम, मुरवलेलं चीज यांतली ती खोल चव, जिला जपानी लोक उमामी म्हणतात, ती उलट ठळक होते. जमिनीवर टोमॅटोच्या रसाला न शिवणारी माणसं वर गेल्यावर तो का मागतात त्याचं हे उत्तर.

आता बघा. चिकनचा तुकडा शिजवून, गार करून, पुन्हा वीसेक मिनिटं भट्टीत तापवला की त्याचं चामडं होतं. राजमा, छोले, डाळ यांचं काहीच बिघडत नाही, उलट मुरून बरं लागतं. चिंच, टोमॅटो, आलं, धने-जिरे, हिरवी मिरची ३५,००० फुटांवरही आपापलं काम चोख करतात. माझा एक जर्मन सहकारी एरवी सॉसेजवर जगतो, पण फ्रँकफर्टहून कुठेही निघाला की न चुकता एव्हीएमएल सांगतो. त्याला आधीही मिळतं आणि चवही येते. त्याला शाकाहाराशी काही देणंघेणं नाही. मुंबईहून निघताना मात्र तो चिकन घेतो. का, ते मी विचारलं नाही.

अर्थात आपल्याकडच्याही काही गोष्टी आकाशाला मानवत नाहीत. पोळी ही त्यातली पहिली. फ्रीजच्या गारव्यात पिठातला स्टार्च घट्ट होतो, मग भट्टीत पोळीची कड कडक आणि मधला भाग ओला. पराठा तेलामुळे तगतो. पनीर रबरी होतं. पोहे कोरडे पडतात, म्हणून देशी विमानांत ते कागदी कपात गरम पाणी ओतून मिळतात, आणि ते पोहे आहेत हे झाकणावर वाचून कळतं. नाश्त्याचंही विचित्रच. पश्चिमेकडच्या विमानतळांवर एशियन व्हेजिटेरियन नाश्ता कसा असतो याची कल्पना नसावी, त्यामुळे पहाटे साडेतीनला उठवून छोले-भात पुढे ठेवतात. शेजारी क्रोसाँ खात असतो. मी छोले खाते, काय करणार.

मध्यंतरी आपल्याकडे उलट प्रयोगही झाला. २०१७ मध्ये एअर इंडियाने देशांतर्गत विमानांच्या इकॉनॉमी वर्गात मांसाहार बंदच केला. खर्च आणि नासाडी कमी व्हावी, शाकाहारी-मांसाहारी ट्रेंची सरमिसळ टळावी, अशी कारणं दिली होती. पुढे मांसाहार परत आला. मला स्वतःला ते दिवस सोयीचे गेले, पण त्यात न्याय होता असं वाटत नाही. मी आधी सांगून माझं मागवू शकते, तर मालवणच्या माणसाला त्याचं का मिळू नये? मुंबई-गोवा तासाभराच्या प्रवासात अर्थात तो काही खातच नाही. उतरल्यावर बांगडा खायचा असतो.

विमानातल्या जेवणाची सुरुवात १९१९ ची. हँडली पेज कंपनीने लंडन-पॅरिस प्रवासात तीन शिलिंगांना डब्यातलं जेवण विकायला सुरुवात केली. आपल्या लोकांनी त्याच्या कितीतरी आधीपासून परदेशप्रवासाला डबा बरोबर घेतला आहे. ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून विलायतेला निघालेल्या अठरा वर्षांच्या मोहनदास गांधींना बोटीवर काटे-चमचे वापरता येत नव्हते आणि कशात मांस नाही हे विचारायचा धीर होत नव्हता. आईला वचन दिलेलं. त्यांनी केबिनमध्ये बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खाल्ली. आजही गुजराती मंडळी थेपल्याशिवाय विमानात चढत नाहीत, आणि आत्या दशम्यांशिवाय.

तिच्या दशम्या दुधात भिजवलेल्या कणकेच्या. पाण्याचा थेंब नाही, म्हणून टिकतात, आणि जुन्या सोवळ्याच्या हिशेबात प्रवासातही चालतात. ती त्या तव्यावर जरा जास्तच खरपूस भाजते, गार होऊ देते, दोन-दोनच्या घड्या करून मलमलच्या फडक्यात बांधते आणि वर स्टीलचा चपटा डबा. बरोबर दाण्याची कोरडी चटणी. लोणचं नाही, कारण त्यातलं तेल सुरक्षा तपासणीत अडतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर विमानात नेऊच देत नाहीत, तेल भरपूर असतं आणि पेट घेतात म्हणून. लेकीसाठी नेलेल्या वाट्या मुंबईच्या विमानतळावर काढून ठेवाव्या लागल्या, त्याचा राग तिने न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळापर्यंत धरला होता. तिथेही तिला दुसरा धक्का बसला. विमानातच मिळालेलं केळं तिने पर्समध्ये ठेवलं होतं, तर फळ घेऊन बाहेर पडता येणार नाही म्हणाले. अन्न कचऱ्यात कसं टाकायचं? तिने ते रांगेत उभ्या उभ्या खाल्लं. मागच्या माणसाला अर्धं विचारलंही.

यंदा दिवाळीला आत्या आणि सई दोघी आमच्याकडे होत्या. एकीचा चातुर्मास अजून संपायचा होता, दुसरीचा कधी संपत नाही. फराळाच्या ताटात चिवडा आणि तेलाचं मोहन घातलेल्या चकल्या तेवढ्या दोघींना चालत होत्या. मी त्यांना अदिस अबाबाची गोष्ट सांगितली. एमिरेट्सच्या विमानांत वेगन जेवण आलं ते १९९० च्या दशकात, आणि सुरुवातीला ते मिळायचं अदिस अबाबासारख्या मार्गांवर. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस करतात, आणि त्या उपासात मांस, अंडं, दूध, लोणी काही चालत नाही. त्यांच्या उपासाची सोय म्हणून जे जेवण ठेवलं, तेच आज सई मागते त्या वेगन जेवणाचं त्या विमानांतलं मूळ. सईला हे ऐकून भरून आलं. आपल्या नेमाला कुठेतरी देवळाचा आधार आहे याचा तिला अनपेक्षित आनंद झाला होता.

आत्याने चकली मोडता मोडता विचारलं, "मग उपासाला खातात काय ती माणसं?"

"मसुराची आमटी. हरभऱ्याच्या पिठाचं शिरो म्हणून एक असतं, पिठल्यासारखं. आणि आंबवलेल्या पिठाची मोठी पोळी, ती सगळे मिळून खातात."

"उपासाला डाळ? पिठलं?"

"हो."

"आणि तूप नाही?"

"नाही आजी, तूप अजिबात नाही," सई उत्साहाने म्हणाली.

"साबुदाणा?"

"साबुदाणा चालायला हरकत नाही. पण खिचडी तेलात करावी लागेल."

आत्याने क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मला आपलं ते एफपीएमएलच सांगत जा."